कारखान्यांतील प्रक्रिया-तंत्रज्ञ आणि त्याचें वेतन

अलिबागच्या उत्तरेस थळच्या किनाऱ्यावर उभें राहून समुद्राकडे पाहिलें म्हणजे खांदेरी आणि उंदेरी हीं दोन बेटें दिसतात. पाठ फिरविली कीं रासायनिक खताच्या कारखान्याचे मनोरे आणि धुराडीं दृष्टीस पडतात. खांदेरीवर शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं किल्ल्याचें काम हातीं घेतलें. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा हा कारखाना १९८५ च्या सुमारास चालू झाला. या दोहोंच्या मधल्या पट्टींत कोळ्यांचीं घरें, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भाताचीं शेतें आहेत. या गांवांतून एक प्रश्न गेलीं चाळीस वर्षें घरोघर विचारला जात आहे : "मुलगा कंपनींत लागला म्हणतां, पण पगार किती?" प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र एका आंकड्यांत देतां येत नाहीं. कारण एकाच पाळींत, एकाच यंत्राजवळ, जवळजवळ एकच काम करणारे दोघे जण महिनाअखेर अगदीं निराळी रक्कम घेऊन घरीं जातात. असें कां होतें, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें समजून घेण्याजोगें आहे; विशेषतः ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी आज पदविकेच्या अथवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वर्गांत बसत असेल, त्या घरानें.

प्रथम हा मनुष्य करतो काय, तें पाहूं. थळचा कारखाना नैसर्गिक वायूवर चालतो. मुंबई हायच्या समुद्रांत सांपडलेला वायू हाताशीं होता, म्हणूनच तो येथें उभा राहिला. या वायूवर वाफेची क्रिया करून हायड्रोजन मिळवितात, हवेंतून नायट्रोजन घेतात, आणि हीं दोन द्रव्यें प्रचंड दाबाखालीं, मोठ्या उष्णतेंत, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून नेलीं म्हणजे अमोनिया तयार होतो. ही युक्ति जर्मनींतील हाबर आणि बॉश या दोघांची. १९१३ सालीं ओप्पाऊ येथें तिचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. पुढें अमोनियाचा कर्बवायूशीं संयोग करून युरिया बनवितात. हें सगळें रात्रंदिवस, सणासुदीलाही न थांबतां चालतें. दाब, उष्णता आणि प्रवाह यांचे शेंकडों आंकडे नियंत्रण-कक्षांतील पडद्यांवर सारखे हलत असतात. ते वाचणारा, बाहेर नळांच्या जंगलांत फिरून व्हॉल्व्ह आणि पंप पाहणारा, लॉगबुकांत तासातासाची नोंद करणारा, आणि "कालपेक्षां आज वाफ अधिक कां लागली?" असा प्रश्न स्वतःला विचारणारा, तोच प्रक्रिया सुधारणारा तंत्रज्ञ होय. पुष्कळ ठिकाणीं त्याच्या पदाचें नांव नुसतें "ऑपरेटर" किंवा "टेक्निशियन" असें असतें. नांव कांहींही असो, ज्याच्या नजरेनें वाया जाणारी वाफ सांपडते, त्याचा येथें विचार आहे.

त्या नजरेचें मोल किती असूं शकतें, याचा एक काल्पनिक हिशेब मांडतां येईल. समजा, एक कारखाना रोज १,००० टन युरिया काढतो आणि टनामागें सुमारें ६ गिगाकॅलरी ऊर्जा खर्चतो. एका तंत्रज्ञाच्या ध्यानांत आलें कीं एका ठिकाणीं वाफेचे सापळे नादुरुस्त आहेत आणि दुसऱ्या ठिकाणीं उष्णता-विनिमयकाच्या नळ्यांवर कीट चढलें आहे. दोन्ही गोष्टी सुधारल्या आणि टनामागें ०.१ गिगाकॅलरी वांचली. म्हणजे रोज १०० गिगाकॅलरी झाली. एका गिगाकॅलरीच्या वायूला ३,००० रुपये पडतात असें धरलें, तर दिवसाला ३ लाख रुपये. आणि वर्षांत ३३० दिवस कारखाना चालला, तर ९ कोटी ९० लाख. खताच्या धंद्यांत या बचतीला आणखी एक धार आहे. युरियाचा भाव कारखानदार ठरवीत नाहीं. ४५ किलोच्या गोणीची सरकारी किंमत, कर आणि निंबाच्या लेपाचा खर्च सोडून, २४२ रुपये ठेवण्यांत आली; वरचा सारा खर्च सरकार अनुदानरूपानें भरून देतें. परंतु तो भरून देतांना प्रत्येक कारखान्यास ऊर्जेचें एक मान घालून दिलेलें असतें. वायूवर चालणाऱ्या कारखान्यांसाठीं २०१५ च्या युरिया धोरणानें हीं मानें नव्यानें ठरविलीं. मानाहून अधिक ऊर्जा जाळली, तर तो भुर्दंड कारखान्याच्या माथीं बसतो. तेव्हां दशांश चिन्हानंतरच्या त्या एका आंकड्यावर कारखान्याचा नफातोटा टांगलेला असतो, असें म्हटलें तरी चालेल.

मग हे नऊ-दहा कोटी कोणाच्या वहींत जमा होतात? येथें प्रश्नाचें मूळ आहे, आणि तो आजचा नाहीं.

अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर या यंत्रशास्त्रज्ञानें १८९९ सालीं बेथलेहेमच्या पोलाद-कारखान्यांत कच्च्या लोखंडाचे तुकडे गाडींत भरणाऱ्या मजुरांचें काम घड्याळ लावून तपासलें. त्याच्याच हिशेबाप्रमाणें, जो मजूर दिवसाला साडेबारा टन भरीत असे, तो नव्या पद्धतीनें ४७ टन भरूं लागला. आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली. काम पावणेचारपट झालें, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. टेलरला हें न्याय्य वाटलें. मजुरांच्या संघटनांस वाटलें नाहीं. त्याच देशांतील हॅल्सी या इंजिनियरानें १८९१ सालींच निराळा विचार मांडला होता : मजुरानें नेमून दिलेल्या वेळांतून जितका वेळ वांचविला असेल, त्याच्या किंमतीचा ठराविक हिस्सा त्यालाही द्यावा. वाटणीचें हें तत्त्व पुढें नाना रूपांनीं जगभर गेलें.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा म्हणत, त्या याच जिल्ह्यांतून आणि रत्नागिरींतून हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं. १९२८ सालीं गिरणीमालकांनीं "सुधारणा" आणली : विणकरानें दोनांऐवजीं तीन माग पाहावे, कातणाऱ्यानें सांच्याच्या एका बाजूऐवजीं दोन बाजू संभाळाव्या. एप्रिलच्या अखेरीस गिरण्या बंद पडल्या, त्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालूं झाल्या नाहींत. शेवटीं फॉसेट कमिटी नेमावी लागली. तो संप यंत्राविरुद्ध होता असें म्हणणें सोपें आहे, पण तें अपुरें आहे. एका माणसानें दोघांचें काम केल्यावर वांचलेल्या दुसऱ्या मजुरीचें काय होणार, आणि तो दुसरा मनुष्य कोठें जाणार, हा खरा वाद होता. कोंकणांतल्या ज्या घरांत मनीऑर्डर येणें सहा महिने थांबलें, त्या घरांना तो पुस्तकांतून वाचावा लागला नाहीं.

थळच्या तंत्रज्ञाचा पगार कसा ठरतो, याकडे आतां वळूं. शिक्षण, अनुभव, जोखीम हीं सारीं कारणें आहेत. पण त्या सर्वांच्या आधीं एक कारण येतें, तें म्हणजे त्याचें नांव कोणाच्या हजेरीपटावर आहे. रायगडच्या किनारपट्टीवरील बहुतेक मोठ्या कारखान्यांत, मग तो थळचा खतकारखाना असो, डोलवीचा पोलादकारखाना असो कीं नागोठण्याचा पेट्रोरसायनांचा, तीन प्रकारचीं माणसें एकाच फाटकांतून आंत जातात : कंपनीचे कायम नोकर, उमेदवार म्हणजे अप्रेंटिस, आणि कंत्राटदाराचे कामगार.

सार्वजनिक क्षेत्रांतील कायम नोकराचा पगार युनियन आणि व्यवस्थापन यांच्या करारानें ठरतो. त्यांत मूळ वेतन, किंमतींच्या निर्देशांकाबरोबर दर तिमाहीस बदलणारा महागाई भत्ता, पाळीचा भत्ता, औषधपाणी, भविष्यनिर्वाह निधि, आणि कोठें कोठें राहण्यास जागा, हें सर्व येतें. कंत्राटदाराच्या कामगाराला बहुधा किमान वेतनाच्या आसपासचा रोज मिळतो. त्याचा महागाई भत्ता वर्षांतून दोनदांच हलतो. आणि कंत्राट बदललें कीं पहिल्या वर्षाचा माणूस पुन्हां पहिल्या वर्षाचाच राहतो. एकाच पंपाजवळ दहा वर्षें काढलेल्या माणसाच्या कागदावर चार निरनिराळ्या कंत्राटदारांचीं नांवें असावीं आणि ज्येष्ठता मात्र कोठेंच नसावी, ही गोष्ट विरळा नाहीं. त्यानें वाफेची गळती शोधून काढली, तर बचत कंपनीच्या वहींत जाते, शाबासकी पर्यवेक्षकाला मिळते, आणि त्याच्या रोजांत एका रुपयाचाही फरक पडत नाहीं. कारण कंपनीनें कंत्राटदाराशीं केलेल्या करारांत सुधारणेचें कलमच नसतें. त्यांत असतात तीं फक्त डोकीं आणि दिवस.

कायदा याबाबतींत अगदींच मुका नव्हता. कंत्राटी कामगारांविषयींचा १९७० चा कायदा आणि त्याखालचे १९७१ चे केंद्रीय नियम यांत असें होतें कीं, कंत्राटदाराच्या माणसाचें काम कंपनीच्या नोकराच्या कामासारखेंच असेल, तर वेतनही तेंच असावें. पण काम "सारखें" आहे हें सिद्ध करावयाचें कोणीं आणि कसें? कागदावर ज्याचें पद "मदतनीस" लिहिलें आहे, तो प्रत्यक्षांत व्हॉल्व्ह चालवीत असला, तरी कागदच आधीं बोलतो. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, एकाद्या कामांत कंत्राटी पद्धत बंद केली, तरी तेवढ्यानें ते कामगार आपोआप कंपनीचे नोकर होत नाहींत. २१ नोव्हेंबर १९४९ नव्हे, तर २०२५ च्या त्याच तारखेपासून चार नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या, आणि जुने पुष्कळसे कायदे त्यांत विलीन झाले. कारखान्याच्या मुख्य कामांत कंत्राटी माणसें लावूं नयेत, असें त्यांतील एक संहिता सांगते. पण ज्या धंद्यांत तें काम सामान्यतः कंत्राटानेंच होत असेल, तेथें तिनें अपवादाचें दारही ठेवलें आहे. त्या दारानें किती जण आंतबाहेर करतील, हें पुढें दिसेल.

उमेदवारीचें प्रकरण निराळें. अप्रेंटिसांचा कायदा १९६१ चा. "अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट" आणि "इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक" हे रासायनिक कारखान्यांतले ओळखीचे ट्रेड त्याखालीं येतात. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेलीं मुलेंही पहिल्या ट्रेडला जातात. माणगांव तालुक्यांत लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें, आणि तेथें पेट्रोरसायन अभियांत्रिकीच्या पदविकेची सोय झाली. २०१९ च्या दुरुस्तीनें किमान विद्यावेतन दहावी झालेल्यास महिना ६,००० रुपये, ट्रेडचें प्रमाणपत्र घेतलेल्यास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० असें ठरलें होतें. शेजारचा मुलगा एकाद्या गोदामांत लागून याच्या दुप्पट आणतो, तेव्हां आईवडिलांचा जीव वर्षभर खालींवर होतो, यांत नवल नाहीं. उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यावीच, असें बंधनही कंपनीवर नाहीं. मात्र १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उत्तर प्रदेशच्या एस. टी. महामंडळाच्या खटल्यांत म्हटलें कीं, इतर गोष्टी समान असतील, तर शिकाऊ म्हणून तयार झालेल्या उमेदवाराला आधीं घ्यावें. शिवाय ऑपरेटरांच्या भरतीच्या जाहिरातींत या प्रमाणपत्राची अट पुष्कळदां असते. गोदामाचे दोन वर्षांचे जादा पैसे एका पारड्यांत आणि हें प्रमाणपत्र दुसऱ्यांत घालून पाहिलें, तर दहा वर्षांच्या हिशेबानें दुसरें पारडें जड भरण्याचा संभव अधिक. अर्थात् ज्या घरांत उद्यांची चूल हाच प्रश्न आहे, त्याला दहा वर्षांचा हिशेब सांगणें सोपें, ऐकणें कठीण.

आतां पगारपत्रकाची घडी उलगडून पाहूं. पुष्कळ कुटुंबांत हातीं येणारी रक्कम तेवढी मोजतात आणि बाकीच्या रकान्यांकडे पाहत नाहींत. तेथें फसगत होते. समजा, दोन तंत्रज्ञांस महिना २४,००० रुपयेच मिळतात. पहिल्याच्या पत्रकांत मूळ वेतन आणि महागाई मिळून ८,००० दाखविले आहेत आणि उरलेले १६,००० नानाविध भत्त्यांच्या नांवानें. दुसऱ्याच्या पत्रकांत मूळ आणि महागाई मिळून १२,०००. दहा वर्षांनंतर दोघे नोकरी सोडतात. ग्रॅच्युइटी दर वर्षास पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणें, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, मोजतात. तेव्हां पहिल्याला सुमारें ४६,१५० आणि दुसऱ्याला सुमारें ६९,२३० रुपये मिळतील. भविष्यनिर्वाह निधीचाही हिशेब याच आंकड्याला चिकटलेला असतो. नव्या वेतनसंहितेनें हें अंतर मोडावयास घेतलें आहे : वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनच समजावयाचा. यामुळें कोणाच्या हातीं येणारी रक्कम थोडी घटली, तर घरांत कुरकुर होईल. पण ते पैसे म्हातारपणाच्या पेटींत गेलेले असतात, हें सांगणारें कोणीतरी त्या घरांत असावें.

जादा कामाचा दर दुप्पट. तो १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टांत होता आणि नव्या संहितेंतही राहिला आहे. वेतन महिना २६,००० धरलें, तर दिवस १,००० रुपयांचा, तास १२५ रुपयांचा आणि जादा तास २५० रुपयांचा होतो. शटडाऊन म्हणजे देखभालीसाठीं सगळा कारखाना थंड करण्याचा काळ आला, कीं तीस जादा तास सहज भरतात, आणि ७,५०० रुपये अधिक येतात. त्या महिन्याच्या पगारावर हप्त्यानें मोटारसायकल घेणारे तरुण पुढल्या महिन्यांत विचारांत पडलेले दिसतात.

कायद्यानें मागितलेलें प्रमाणपत्र वेतन वाढविण्यास फार उपयोगी पडतें. बॉयलरवर प्रमाणपत्रधारक माणूस असलाच पाहिजे. त्यामुळें पहिल्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटची परीक्षा उतरलेल्यास कारखाना हातचा सोडीत नाहीं. अनुभवाचें मोल मात्र सरळ रेषेंत वाढत नाहीं. पहिलीं दोन-तीन वर्षें माणूस शिकतो. पुढें तो बाहेरच्या फेरीवरून नियंत्रण-कक्षाच्या पॅनेलवर बसूं लागला, कीं त्याची किंमत एकदम चढते. कारण अमोनियाचा कारखाना अवचित बंद पडला, तर पुन्हां पूर्ववत् चालण्यास बराच काळ जातो, आणि तो प्रसंग टाळणारा मनुष्य पॅनेलवरच असतो. हाच मनुष्य आखाती देशांतील खतकारखान्यांनाही हवा असतो. कतार किंवा कुवेत येथें पगारावर प्राप्तिकर नसल्यानें तो मोह मोठा आहे, आणि अनुभवी माणसें जाऊं लागलीं म्हणजे इकडच्या व्यवस्थापनालाही हात थोडा सैल करावा लागतो.

मुलींच्या बाबतींत रात्रपाळीचा प्रश्न होता. फॅक्टरी ॲक्टाप्रमाणें संध्याकाळीं सातपासून सकाळीं सहापर्यंत स्त्रियांना कारखान्यांत काम करण्यास सामान्यतः मनाई होती. हेतु संरक्षणाचा, परिणाम असा कीं, पदविका घेतलेली मुलगी प्रयोगशाळेंत जाई, पॅनेलवर नाहीं, आणि पाळीचा भत्ताही तिला मिळत नसे. नव्या संहितेनें तिच्या संमतीनें आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी मोकळी केली आहे.

सुधारणेबद्दल बक्षीस मुळींच नाहीं, असें नव्हे. पुष्कळ कारखान्यांत सूचना-पेटी असते, क्वालिटी सर्कल नांवाचीं मंडळें असतात; हीं मंडळें आपल्या देशांत १९८० नंतर पसरलीं. सूचना देऊन उत्पादन किंवा सुरक्षितता वाढविणाऱ्या कामगारांसाठीं केंद्र सरकारनें १९६५ पासून श्रमवीर पुरस्कार ठेवले, त्यांचेंच नांव पुढें विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार झालें. मान मोठा, यांत शंका नाहीं. परंतु वर सांगितलेल्या हॅल्सीच्या योजनेंत जो हिस्सा हक्काचा होता, तो येथें कृपेचा होतो, आणि वाफ मात्र दररोज वांचत राहते. बचतीचा ठराविक वांटा, निदान एका वर्षापुरता, सूचना करणाऱ्याच्या पाळीला मिळावा, आणि त्यांत कंत्राटदाराचीं माणसेंही धरावींत, ही मागणी युनियननीं करारांत घालण्याजोगी आहे.

तोंवर नेमणुकीचें पत्र हातीं येतांच घरांतील जाणत्यानें तें नीट वाचावें. नोकरी देणारा कंपनी आहे कीं कंत्राटदार, पद काय लिहिलें आहे, किमान वेतनाच्या अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल या वर्गांपैकीं कोणत्या वर्गांत मुलाला घातलें आहे, हें त्यांत दिसतें. ट्रेडचें प्रमाणपत्र असलेल्या मुलाला "अर्धकुशल" लिहिलें असेल, तर सहीपूर्वींच विचारावें. भविष्यनिर्वाह निधीचा खाते-क्रमांक पहिल्याच महिन्यांत मागून घ्यावा. कंत्राटदार बदलला तरी तो क्रमांक बदलूं देऊं नये. आणि अनुभवाच्या दाखल्यांत कोणत्या कारखान्यांत, कोणत्या यंत्रावर, किती काळ काम केलें, हें स्पष्ट लिहवून घ्यावें. पॅनेलवरची जागा असो कीं आखातांतली, पुढें हाच कागद मागतात. आणि कंत्राट संपून कंत्राटदाराचें कचेरीचें कुलूप लागल्यावर तो मिळविणें फार जड जातें.